झीज सारखी पायजे

आमच्या शेजारच्या गफूरचाचांच्या घरी पाहुण्याला एका जागी बसून चहा संपवता येत नाही. अर्धा कप झाला की चाचा म्हणणार, "बाई, आता जरा तिकडं सरका की." मी शाळेत पोरांच्या जागा बदलते, इथं माझीच बदलली जाते. सोफ्यावर डाव्या गादीवर सुरुवात करायची आणि बशी रिकामी होईपर्यंत मधल्या गादीवर पोचायचं. खिडकीजवळची तिसरी गादी मात्र कुणालाच मिळत नाही. तिला चांगला खड्डा पडलाय.

याला कारण रेल्वे. चाचांची सगळी नोकरी परगावच्या शेडमध्ये, विजेच्या इंजिनांचे पेंटो तपासण्यात गेली. पेंटो म्हणजे इंजिनाच्या टपावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा. त्याच्या माथ्यावरची कार्बनची पट्टी तारेला घासत जाते. ती एकाच जागी झिजू नये म्हणून तार मुद्दाम नागमोडी ओढतात. निवृत्त होताना ही गोष्ट शेडमध्येच ठेवून यायची, तर चाचा ती घरी घेऊन आले.

चपला सारख्या झिजाव्यात म्हणून ते बाजारातून नागमोडी चालत येतात आणि मागचे रिक्षावाले त्यांचा उद्धार करतात. सून शबानाला भाकरी तव्याच्या मधोमध टाकायची बंदी. कडक भाकरीचा एक घास डाव्या दाढेनं चावायचा, पुढचा उजव्या. "झीज सारखी पायजे!"

माझं आणि आमच्या ह्यांचं वाजलं की भिंतीपलीकडून आवाज येतो, "बाई, तारेवर पट्टीचा दाब कमी पडला की ठिणगी उडती! अन् लई दाबलं की झीज!"

"मग करू तरी काय?" एकदा मी ओरडले.

"बेतानं टेका की!"

भांडण तिथंच बारगळलं.

मागच्या महिन्यात शबानानं सोफ्याला नवा फोम घालायला कारागीर बोलावला. तो टेप काढतो न काढतो तोच चाचा तिसऱ्या गादीवर आडवे झाले. "बाकीचं बदला. ही न्हाय." शबाना रडकुंडीला आली आणि मला बोलावून घेऊन गेली.

"चाचा, तुमच्याच नियमात हे बसत नाही," मी म्हटलं. "एका जागी केवढा खड्डा!"

चाचा उठून बसले. "तुमची चाची बसायची हितं. मी सुट्टीला यायचो तवा खिडकीतनं वाट बघत. जागा बदल म्हणून लई सांगितलं. म्हणायची, हितनंच रस्ता दिसतोय."

थोडा वेळ ते गादीवरून हात फिरवत राहिले.

"बाई, पट्टी मऊ का करत्यात ठावं हाय? तार टिकावी म्हणून. आमच्या दोघांत मऊ तीच हुती. ती गेली, मी हाय."

शबानानं कारागिराला दोनच गाद्यांचं माप घ्यायला सांगितलं आणि आत जाऊन चहा टाकला. माझा अर्धा कप झाला. मी सवयीनं सरकायच्या तयारीत होते, पण चाचा खिडकीतून रस्त्याकडं बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांच्याकडं एका जागी बसून अख्खा चहा प्याले.