व्यायामशाळेतलं कंट्रोल

आमच्या चाळीतल्या परबकाकांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला की पलीकडून आवाज येतो, "कंट्रोल. घटना काय?"

"दिवाळी, काका."

"ठिकाण?"

"कॉटन ग्रीन. तुमच्याच वरची खोली."

"जखमी किती?"

"अजून कोणी नाही."

"नोंद घेतली." आणि फोन खाली. शुभेच्छा पोचल्या की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

परबकाकांनी उभी हयात एका आपत्कालीन कक्षात फोन उचलण्यात घालवली. झाड पडलं, भिंत कोसळली, गटार तुंबलं, की पहिला फोन त्यांच्याकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्या जिभेपर्यंत पोचलेली नाही. सावंतवहिनी एकदा सहज "गॅसचा वास येतोय का हो?" म्हणाल्या, तर काकांनी अख्खा मजला रिकामा करून घेतला. वास सुकत घातलेल्या बोंबलांचा होता. आम्ही हसलो. काकांनी वहीत लिहिलं, 'बोंबील. धोका टळला.'

त्यांना ध्यास एकच. चाळीच्या तळमजल्यावरच्या बंद खोलीत, सरकारी निधीतून, एक आपत्कालीन केंद्र. "बंब गल्लीत शिरेपर्यंत आपलं आपणच निस्तरायचं असतं रे," हे मी त्यांच्याकडून जिन्यात, नळावर आणि एकदा दाढी करताना ऐकलं आहे. चाळ कमिटीचा सेक्रेटरी मी, त्यामुळे अर्ज घेऊन कचेरीत मलाच जावं लागलं.

तिथल्या क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. "कल्पना उत्तम आहे, पण याला आमच्याकडे खर्चाचं हेड नाही. बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि व्यायामशाळा, एवढंच आहे. यातलं काय देऊ?" मी जरा विचार करून व्यायामशाळा म्हटलं. तिला निदान खोली लागते.

निधी आला. डबल बार आला, डंबेल्स आले, भिंतभर आरसा आला आणि या सगळ्याहून मोठा, लोकप्रतिनिधींच्या नावाचा बोर्ड आला. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "मेल्या, बुडणाऱ्याक काय डंबेल्स देतलंस?" एवढं विचारून कामाला लागले. डबल बारवर स्ट्रेचर बांधलं. डंबेल्सना दोरखंड गुंडाळले. आरशावर मार्करने चाळीत एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं खोली नंबरासकट लिहिली. फोन स्वतःच घेऊन आले आणि रोज दहा ते सहा ड्युटीवर बसू लागले.

मग पाहणीचं पत्र आलं. व्यायामशाळा म्हणून वापर दिसला नाही, तर खोलीला सील. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकांचा चेहरा पार उतरला. "खोली गेली तर मी दिवसभर काय करू रे?" ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मी योजना आखली. पाहणीच्या दिवशी साठीच्या पुढचे चार जण बनियनवर हजर केले. स्ट्रेचरवर चटई टाकली. पाटणकर आजोबा एक डंबेल धरून आरशात स्वतःकडे संशयाने बघत उभे राहिले. काकांना बजावलं, तुम्ही फक्त गप्प बसा.

पाहणीला आलेल्या मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली आणि टेबलाशी थांबल्या. "व्यायामशाळेत फोन कशाला? तेही दोन?"

"ते कोचसाठी," मी म्हटलं.

काका उठून उभे राहिले. "मॅडम, ही व्यायामशाळा नाही. हे कंट्रोल आहे."

झालं, मी मनात म्हटलं.

"माझी बायको घरात पडली तेव्हा मी ड्युटीवर होतो. मोबाईल लॉकरमध्ये. तिने कंट्रोलला फोन लावला. एरवी कधी लावायची नाही. ही लाइन लोकांसाठी आहे म्हणून मीच ओरडायचो. आमच्या कक्षाला लाइन एकच. मी परळच्या एका बाईंशी बोलत होतो. झाड पडलेलं, रिकाम्या गाडीवर. बाई घाबरल्या होत्या, फोन सोडेनात. मीही ठेवला नाही." काकांनी दुसऱ्या फोनवर हात ठेवला. "तिचा मोबाईल नंतर बघितला. चार वेळा लावला होता. म्हणून दोन."

काकी पडून गेल्या, एवढंच चाळीला ठाऊक होतं. मी त्यांच्या डोक्यावर राहून एवढी वर्षं त्यांच्या नकला करत आलो होतो. मला मान वर करवेना. पाटणकर आजोबांनी डंबेल हळूच खाली ठेवला.

मॅडमनी एक रिसीव्हर उचलून कानाला लावला, ठेवला. मग दुसरा उचलून लावला. फॉर्मवर लिहिलं, 'साहित्य वापरात आहे', आणि सही केली. व्यायामाला किती जण येतात, हे त्यांनी विचारलंच नाही.