कस्टमचे राठोडसाहेब

राठोडसाहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबले. मी या म्हणालो, माझी बायको मंगल पाण्याचा तांब्या घेऊन आली, तरी ते आत येईनात. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. एक छत्री, तिची एक काडी मोडलेली. चष्म्याचं घर, आत चष्मा नाही, तो डोळ्यावर आहे. अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगा, तुमच्यासाठी. मग शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. त्यात एक बडीशेपेची पुडी निघाली. ती विसरून राहिल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि मगच आत पाऊल टाकलं.

मंगल तांब्या धरून तशीच उभी होती. ते गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, या माणसाला आपल्या घरी कुणी पाठवलं?

कुणी पाठवलं नव्हतं. आमच्या शेजारचं, नांदेड रस्त्याकडचं रिकामं घर त्यांनी घेतलं होतं. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. राठोडसाहेब मूळचे डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचे. शिकून मुंबईला गेले, वकील झाले आणि पुढं कस्टमचे वरिष्ठ सरकारी वकील म्हणून निवृत्त झाले. परदेशातून चोरून सोनं आणणारे, घड्याळं आणणारे, पेटीला दुहेरी तळ लावणारे, अशा सगळ्यांवर खटले चालवायचं त्यांचं काम. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून पैनगंगेपलीकडे न्यायचे. नदीवर निजामाचा नाका होता, तिथं प्रत्येक गोणी उघडून दाखवावी लागायची. साहेब म्हणायचे, पणजोबा नाक्याच्या या अंगाला उभे राहिले, मी त्या अंगाला जाऊन बसलो, एवढाच काय तो फरक.

मी तेव्हा कळमनुरीच्या पोस्टात खिडकीवर होतो. आठवड्यातून एकदा साहेब पुण्याला पार्सल पाठवायला यायचे. लोणच्याची बरणी, तिच्याभोवती जुनं वर्तमानपत्र, सुतळी चार हात, असं सगळं कागदावर लिहून आणायचे आणि मी ते पार्सल उघडून बघावं असा हट्ट धरायचे. मी म्हणायचो, साहेब, तुमच्यावर विश्वास आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "विश्वासाचा प्रश्न नाही, मास्तर. रेकॉर्डवर असू द्या."

पुण्याला मुलगी होती. बायकोही तिच्याकडेच राहायची. का राहते, हेही त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत, खिडकीवर रांग लागलेली असताना सांगून टाकलं. माझ्याशी बोलायला बसलं की उलटतपासणीला उभं राहिल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं आहे, आणि तपासून पाहता त्यात तथ्य आढळतं. रांगेतल्या माणसांना कुठं बघावं ते कळेना. मी घाईघाईनं तिकिटं चिकटवायला घेतली.

खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि न बोलून गप्प बसणंही जमत नव्हतं. मंगलनं पुरणपोळी कशी झाली म्हणून विचारलं तर ते सांगायचे, पुरण बरं आहे, पोळी जाड आहे. एका लग्नात नवरदेवाच्या बापानं त्यांना हौसेनं बोलायला उभं केलं. मुलगा काय करतो याची आपल्याला माहिती नाही, वडील मात्र मुलगा पदवीधर असल्याचं सांगतात, एवढं बोलून ते खाली बसले. मांडव गार पडला. लोक हळूहळू त्यांना बोलवेनासे झाले, आणि ते न बोलावता जायचे नाहीत.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आम्ही हसायचो. मग त्यांच्या पुतण्याची गोष्ट झाली आणि आमचं हसू थांबलं.

साहेबांचा धाकटा भाऊ तांड्यावर शेती करायचा. त्याचा पोरगा पोलीस भरतीत उतरला. धावण्यात पहिला, उंची चांगली, काम झाल्यातच जमा होतं. भावाच्या ओळखीचे, भरतीवरचे एक अधिकारी साहेबांकडे चहाला आले आणि पोरगा तुमच्याच घरचा ना, असं सहज विचारून बसले. साहेब म्हणाले, माझाच. फक्त त्याची शाळेतली जन्मतारीख चुकीची आहे. तो पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, मी तेव्हा सुटीवर आलो होतो, त्याचं खरं वय दोन वर्षांनी जास्त भरतं.

पोरगं भरतीतून बाद झालं.

भाऊ दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याला पत्र टाकायचं नव्हतं, की मनीऑर्डर करायची नव्हती. कुणाला तरी सांगायचं होतं. तो म्हणाला, "मास्तर, त्याला कुणी विचारलं होतं वय? अन्‌ गप्प राहिला असता तर कुणाचं काय गेलं असतं?" होळीला तांड्यावर रात्रभर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणतात, साहेब दर वर्षी नवं धोतर नेसून जायचे. त्या वर्षापासून त्यांना बोलावणं आलं नाही. होळीच्या संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून डोंगरकड्याच्या दिशेनं तोंड करून बसलेले दिसायचे. पण एवढ्या अंतरावरची लेंगी तिथं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मला त्यांचा राग यायचा. एवढा खरेपणा काय कामाचा, असं मी मंगलला म्हणायचो. या माणसानं जन्मात कधी काही लपवलं नसेल, म्हणून दुसऱ्याचं दुःख याला कळत नाही, असं माझं पक्कं मत झालं होतं.

दोन-तीन वर्षं गेली. एका दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती, तेव्हा एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, पायात जुन्या चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं पाकीट. तिनं पाकिटावरचा शिक्का मला दाखवला आणि हा शिक्का इथलाच का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "एकडाव वाचून दाखवा. शाळेतल्या बाईनं वाचलं, पर माझा इस्वास बसून न्हाई राहिला."

अक्षर मी ओळखलं. त्या अक्षरात मी लोणच्याच्या बरण्यांच्या कितीतरी याद्या वाचल्या होत्या. पत्र दीड पानाचं होतं. मी वाचायला लागलो आणि चौथ्या ओळीवर थांबून खालची सही बघितली.

बाईचं नाव सुनंदा. राहणार शिरड शहापूर. नवरा गेल्यावर लहान पोराला भावाकडे ठेवून ती आखाती देशात एका भारतीय घरी स्वयंपाकाला गेली होती. परतताना घरमालकानं तिच्याजवळ एक इस्त्रीचा खोका दिला, मुंबईला माझ्या भावाला दे म्हणून. विमानतळावर खोका उघडला तेव्हा इस्त्रीत सोन्याची बिस्किटं निघाली. मला ठाऊक नव्हतं, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. तिच्यावरचा खटला राठोडसाहेबांनी चालवला आणि तिला ठाऊक होतं असं सिद्ध केलं. तीन वर्षांची शिक्षा झाली.

पत्रात पुढं लिहिलं होतं: त्या खोक्यात मालकानं भावाला लिहिलेली एक चिठ्ठी होती. बाईला काही सांगितलेलं नाही, तिच्यासमोर खोका उघडू नको, असं त्यात होतं. ती चिठ्ठी इतर कागदांबरोबर माझ्याकडे आली. मी ती वाचली आणि कोर्टापुढे ठेवली नाही. तुमच्या वकिलाला तिचा पत्ता नव्हता. ती नजरेतून सुटली असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं, ते खरं नाही. मी कोर्टाला आणि खात्याला तसं लिहून कळवलं आहे, अद्याप उत्तर नाही. तुम्ही निर्दोष होता.

मी पत्र खाली ठेवलं. पोस्टात पंखा फिरत होता, मागे कुणीतरी शिक्के मारत होतं, आणि मला ते सगळं लांबून आल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसानं बडीशेपेची पुडी लपली म्हणून माझ्या दारात माफी मागितली होती, त्यानं हे केलं होतं.

हे साहेब माझ्या शेजारीच राहतात, एवढं मी सांगितलं. बाई म्हणाली, त्याच्या घरी घेऊन चला. मी खिडकी बंद केली.

साहेब अंगणात मिरच्या वाळत घालत होते. सोळा-सतरा वर्षांनी पाहत असूनही त्यांनी तिला ताबडतोब ओळखलं. हातातली मिरची तशीच धरून ते उभे राहिले. मला वाटलं बाई शिव्या देईल, चप्पल काढील. तिनं पत्र पुढं केलं आणि विचारलं, "मी इसरत आले होते. आता हे काहून लिवलं?"

साहेब म्हणाले, खरं सांगायला हवं होतं. बाई म्हणाली, ते तुमच्यासाठी झालं. मग ती ओट्यावर बसली आणि आपलं सांगू लागली. ती सुटून गावी आली तेव्हा पोरगं अकरा वर्षांचं झालं होतं. शाळेत त्याला चोरटीचा म्हणून हाक मारायचे. तो आईजवळ आलाच नाही, मामाकडेच वाढला. आता गावात त्याची पिठाची गिरणी आहे. ती त्याच गावात भावाच्या वाड्यामागच्या खोलीत राहते, आणि ती दळण घेऊन गेली की तो न बोलता दळून देतो.

"हा कागद त्यानं वाचला न्हाई, फेकून दिला," ती म्हणाली. "तुमी तिथं या. कोर्टात जसं उभं राहून बोललात तसं त्याच्यासमोर उभं राहून बोला."

साहेबांनी मिरची सुपात ठेवली, आत जाऊन कोट घातला. चैत्रातल्या उन्हात काळा कोट. मला म्हणाले, मास्तर, तुम्हीही चला, एकट्यानं जमणार नाही. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दोन एसट्या बदलून आम्ही शिरड शहापूरला पोचलो. बाई पुढच्या बाकावर बसली होती, साहेब तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत होते.

गिरणी चालू होती. बाहेर पाच-सहा बाया डोक्याला पदर बांधून दळणाच्या पाळीला थांबल्या होत्या. आत सुनंदाबाईंचा मुलगा, पंचविशीचा, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. त्यानं आईला पाहिलं, कोटातल्या माणसाला पाहिलं आणि पुन्हा गिरणीत धान्य ओतलं. साहेब दारात उभे राहिले. घाम कानशिलावरून ओघळत होता. त्या गोंगाटात बोलणं शक्य नव्हतं, आणि पोरगा पट्टा थांबवत नव्हता. एक दळण झालं, दुसरं झालं. साहेब हलले नाहीत. तिसऱ्या दळणाला त्यानं बटण बंद केलं.

एकदम शांत झालं. साहेबांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. मग म्हणाले, "तुझ्या आईवर मी खटला चालवला. खोक्यात सोनं आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं."

बायांपैकी एकीनं तोंडावर हात घेतला. पोरग्यानं विचारलं, "माहीत होतं, तर काहून केलं?"

"त्या वर्षी मला वरची जागा मिळणार होती," साहेब म्हणाले. "खटला हरलो असतो तर मिळाली नसती."

मी डोळे मिटून घेतले. एवढं सांगायची काही गरज नव्हती. आता हा पोरगा त्यांना मारणार, असंच मला वाटलं, आणि त्यानं मारलं असतं तर मी मध्ये पडलो असतो की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोरगा बाहेर आला. साहेबांच्या अगदी जवळून, अंगाला अंग न लावता पुढं गेला आणि आईसमोर उभा राहिला. त्याचे हात काहीतरी शोधत असल्यासारखे हलत होते. शेवटी तो म्हणाला, "उन्हात काहून उभी राहिलीस? आत ये."

त्यानं वजनकाट्याजवळचं स्टूल ओढलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. सुनंदाबाई त्यावर बसल्या. पोरगा त्यांच्याकडे पाठ करून पाण्याच्या माठाशी उभा राहिला आणि नुसता पेला विसळत राहिला, पुन्हा पुन्हा. बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या फक्त त्या पाठीकडे बघत होत्या.

साहेब अजून उन्हातच होते. आता जावं की थांबावं, त्यांना कळत नव्हतं. कोटाची बाही पिठानं पांढरी झाली होती. ते वळायला लागले तेव्हा सुनंदाबाई म्हणाल्या, "वकील, तुमीबी बसा."

बसायला दुसरं काही नव्हतं. पाळीला थांबलेल्या एका बाईनं आपलं ज्वारीचं गाठोडं पायानं पुढं सरकवलं. साहेब त्यावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून. पोरग्यानं पेला आधी आईला दिला. मग दुसरा भरला, थोडा वेळ हातात धरला, आणि साहेबांपुढं केला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी सांडत होतं, कोटावर, गाठोड्यावर. ज्या बाईचं गाठोडं होतं तिनं ते मागितलं नाही.