जिना नसलेल्या वाचनालयाचे चार हजार फोटो

तपासनीस साहेबांनी दारातच बूट काढले, कारण फरशीवाल्या काकांनी त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नव्हता. नव्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात काकांनी सहा आठवडे गुडघ्यांवर बसून फरशी घातली होती आणि तिच्यावर बूट घालून अजून खुद्द मालकही चालले नव्हते. साहेब मोज्यांवर आत आले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, पण अंगठा दिसला म्हणून माणसाचा अधिकार काही कमी होत नाही.

"फरशी सुरेख झालीय," ते म्हणाले. "हिच्याखाली पाण्याच्या नळ्या आहेत ना? त्यांची दाबाची चाचणी झाली होती?"

"झाली होती की. पहिल्याच फटक्यात पास," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"फोटो?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"दाखवा. फोटो असला तर आत्ता सही करतो. नसला तर नळ्या दिसेपर्यंत फोडावं लागेल. नियम माझा नाही, पण सही माझी आहे. आणि बारा वाजता मला निघायचंय."

फरशीवाले काका कोपऱ्यात एका फरशीची कड फडक्याने पुसत होते. त्यांचा हात थांबला. शनिवारी वाचनालयाचं उद्घाटन होतं आणि काकांनी घरच्या सगळ्यांना, अगदी न बोलणाऱ्या व्याह्यांनासुद्धा, फरशी बघायला बोलावून ठेवलं होतं.

इंजिनिअरबाईंनी रंगाच्या दोन डब्यांवर लॅपटॉप ठेवला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बाई निश्चिंत होत्या. कंपनीने गेल्या वर्षी हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने त्यांना आठ सेकंदांत हवा तो फोटो काढून दाखवला होता. ठिकाण निवडा, तारीख निवडा, फोटो कोणी काढला ते निवडा, की बाकीचे सगळे गळून हवा तो फोटो समोर. फक्त त्या विकणाऱ्याने तात्यांना पाहिलेलं नव्हतं.

तात्या म्हणजे साइटचे सुपरवायझर. तीस वर्षं त्यांनी नुसत्या नजरेने भिंत ओळंब्यात आहे की नाही ते सांगितलं होतं. फोटो काढायचं कामही त्यांच्याकडेच होतं, आणि त्या सॉफ्टवेअरला ते 'कपाट' म्हणत.

बाईंनी ठिकाण निवडलं, 'मोठे दालन'. एकही फोटो नाही. 'छोटे दालन' निवडलं. तिथेही शून्य. मग त्यांनी सगळ्या अटी काढून टाकल्या. चार हजार तीनशे सोळा फोटो आले आणि प्रत्येकाखाली ठिकाण लिहिलेलं होतं, 'जिना'.

"तात्या, आपल्या या इमारतीला जिना कुठे आहे?"

"कुठेच नाही. एकच तर मजला आहे."

"मग चार हजार फोटो जिन्याचे कसे?"

"ते कपाट प्रत्येक वेळी विचारतं ना, ठिकाण कुठलं म्हणून. यादीत सगळ्यात वर जिना आहे. सिमेंटच्या बोटांनी ती यादी खाली सरकत नाही. मी म्हटलं, फोटो आत गेल्याशी मतलब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी ठिकाणाचा नाद सोडून तारीख धरली. चाचणी चौदा तारखेला, मंगळवारी झाली होती. पण मंगळवारचा एकही फोटो नव्हता. चार हजार फोटोंपैकी एकूण एक रविवारचे होते.

"रविवारी मेव्हण्याकडे जातो," तात्यांनी खुलासा केला. "त्याच्याकडे इंटरनेट जोरात आहे. आठवड्याचं सगळं तिथूनच टाकतो. टाकलं त्या दिवसाची तारीख पडते बहुतेक."

"ठीक आहे, मग चौदानंतरचा रविवार बघते."

"त्या रविवारी नसणार. तेव्हा आमचं बोलणं बंद होतं."

मेव्हण्याशी बोलणं दोन महिने बंद होतं. मग समेट झाला आणि त्या एका रविवारी तात्यांनी दोन हजार एकशे चाळीस फोटो कपाटात टाकले, तेही उलटसुलट. साइटवरच्या मरतुकड्या इंटरनेटवर मिनिटाला वीस फोटो उघडत होते. बारा वाजेपर्यंत निम्मेसुद्धा पाहून झाले नसते. मग बाईंनी फोटो कोणी काढला ते निवडायला घेतलं. पण प्लंबर, वायरमन, सगळेजण आपापला पासवर्ड विसरून तात्यांच्याच नावाने आत शिरत होते. अशा विसराळू लोकांत आपणही आहोत हे आठवल्यावर बाईंनी ती अट साहेबांना दिसायच्या आत काढून टाकली.

शेवटचा उपाय उरला होता. वस्तूचं नाव लिहिलं की सॉफ्टवेअर ती वस्तू फोटोत शोधत असे. बाईंनी 'नळी' लिहिलं. परांचीच्या बांबूंपासून फावड्याच्या दांड्यापर्यंत जगात जे जे लांब आणि गोल असतं ते सगळं आलं. दाब मोजायचं 'प्रेशर गेज' लिहिलं. तर भिंतीवरची घड्याळं आली, तारांची वेटोळी आली आणि तीन फोटोंत वरून टिपलेलं तात्यांचं टक्कल आलं.

"हे माझं डोकं आहे," तात्या म्हणाले.

"दिसतंय," साहेब म्हणाले.

तेवढ्यात तात्यांना आठवलं. "थांबा. चौदा तारखेला मी जेवलो इथेच, चराच्या काठावर. रिकाम्या डब्याचा फोटो मी घरी रोज पाठवतो. मागे नळी दिसत असेल. माझ्या फोनमधून पुसला गेला तो, पण बायको जपून ठेवते सगळे."

"रिकाम्या डब्याचा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"डॉक्टरांनी वजन उतरवायला उकडलेला कोबी सांगितलाय. तेव्हापासून हिला पुरावा लागतो."

तात्यांच्या पत्नी, काकू, दोन गल्ल्या सोडून घरीच होत्या. तात्यांच्या फोननंतर दहा मिनिटांत हजर झाल्या आणि कोणी सांगायच्या आत चपला बाहेर काढून आत आल्या. फरशीवाल्या काकांना इतक्या गडबडीतही त्या बाईबद्दल आदर वाटला.

"चौदा तारीख ना? मंगळवार. कोबी," असं म्हणत काकूंनी फोनवर दोनदा अंगठा सरकवला आणि फोटो समोर धरला. ना अट, ना यादी. इंजिनिअरबाईंनी एकदा आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि एकदा काकूंच्या अंगठ्याकडे.

फोटोत लख्ख रिकामा डबा होता. त्याच्यामागे चर, नळी आणि धूसरसं गेज. साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"काटा वाचता येत नाही हो. आणि हा झाला तुमच्या घरचा फोटो. मला कंपनीच्या नोंदीतला लागेल." त्यांच्या आवाजातही आता दिलगिरी होती. "माझा नाइलाज आहे."

फरशीवाले काका उठले आणि बाहेर जाऊन हातोडा आणि छिन्नी घेऊन आले.

"कुठून फोडायचं ते सांगा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी फोडण्यापेक्षा मीच फोडतो."

ते नळीच्या जागेवर गुडघे टेकून बसले. छिन्नी लावण्याआधी त्यांनी फरशीवरून एकदा तळवा फिरवला. तात्यांनी तो तळवा पाहिला. मग बायकोकडे पाहिलं. पुन्हा तळव्याकडे पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि बारा वाजायला सात मिनिटं.

"मॅडम," तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "कपाटात कोबी शोधा."

"काय?"

"कोबी. लिहा तर खरं."

बाईंनी लिहिलं. दोन हजार एकशे चाळीस फोटोंतून एकोणीस उरले. चौथा उघडला तर त्यात काळ्या मातीचा चर होता, चरात नळी, नळीवर गेज आणि गेजचा काटा बरोबर दहावर, अगदी चष्म्याशिवाय वाचता येईल असा. गेजच्या शेजारी मातीवर उकडलेल्या कोबीचा ढीग होता. मुलं वाळूचा किल्ला पाडतात तसा तो डब्यातून उलटा पाडलेला होता. डब्याची कडसुद्धा त्यावर उमटली होती.

"दहा. पास," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. काकांनी छिन्नी खाली ठेवली आणि फडक्याने आधी फरशी पुसली, मग डोळे.

"बाकीचे अठरा दाखवता का जरा?" काकूंनी विचारलं.

बाईंनी दाखवले. खिडकीखाली कोबी, विटांच्या मागे कोबी, फाटकाच्या खांबाच्या खड्ड्यात कोबी. तात्यांचं पितळ एकोणीस ठिकाणी उघडं पडलं होतं आणि प्रत्येकाखाली 'जिना' लिहिलेलं होतं.

"एवढा नको होता तर सांगायचं की हो मला."

"तू पहाटे पाचला उठून चिरायचीस," तात्या म्हणाले. "कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने खाल्ला म्हणून सांगत होतात, त्याच."

काकू नळीच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि पायाखाली बघत राहिल्या. फरशीवाल्या काकांचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"म्हणजे माझा कोबी इथे खाली आहे."

"आहे, वहिनी," काका चाचरत म्हणाले.

"राहू दे. फोडायला नको. मी फोटो पाहिलाय." आणि दारापर्यंत जाऊन चपला घालता घालता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या जिभेला कोबी नको होता, ते मला कळतं हो. पण फरशी वाचवायला स्वतःहून बोललात, ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी डब्यात गाजर होतं. तात्यांनी ते मनापासून खाल्लं, बोटानं डबा पुसून काढला, फोटो काढला आणि पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं.

"डबा दिसला. आता आजूबाजूचे चार पाठवा. आणि ठिकाण नीट लिहा, जिना चालणार नाही."