ठिगळाखालचा अर्ज

टेलरबाईंनी जन्मात एकच गोष्ट फुकट घेतली आणि तिनेच त्यांना दवाखान्यात नेऊन उभं केलं. (आजारी नव्हत्या. आजारी पडायला सवड लागते.)

त्या मोठ्या दवाखान्याला साठ पडदे शिवून हवे होते. साठ. बाईंच्या दुकानात एका दमात आलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे चार उशांचे अभ्रे. हे काम मिळालं तर 'चेन बदलून मिळेल' ही दारावरची पाटी काढून 'पडदे स्पेशालिस्ट' लावायची, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. अर्ज पीडीएफमध्ये होता, दवाखान्याच्या लिंकवरून उतरवून घेतलेला. भरून चारच्या आत मेलने पाठवायचा होता.

"कॉम्प्युटरवाल्याच्या पाया कशाला पडायचं?" नवरा म्हणाला. "ऑनलाइन फुकट एडिटर असतो. पीडीएफवर हवा तिथे मजकूर टाका."

नवरा तीस वर्षं कचेरीत कारकून. रिटायर झाला तरी कागद दिसला की शेरा मारल्याशिवाय त्याचा हात स्वस्थ बसत नसे. किराणाच्या यादीखालीही 'पाहिले' लिहून सही ठोकायचा.

"आधी कच्चं करू," बाई म्हणाल्या. "मी कोऱ्या कापडाला एकदम कात्री लावत नाही. आधी कच्चा टाका, मग पक्का."

नवरा एका बोटाने टाइप करू लागला. बाई हातात कात्री घेऊन शेजारी उभ्या.

"अनुभव?"

"बावीस वर्षं. हा नवरा सांभाळला तो वेगळा."

"हेही लिहू?"

"कच्चंच आहे ना? लिहा."

"सध्याच्या पडद्यांविषयी मत?"

"परवा जाऊन बघून आले ना. पडदे कसले, पोतेरी आहेत. काठ एकेरी दुमडलाय, दोन धुण्यांत उसवणार. दुहेरी दुमडायला हवा हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण तिथला भांडारपाल लिंबू चोखल्यासारखं तोंड करून बसलेला असतो, तो काठ कधी बघणार?"

स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली तशा बाई हरखल्या. अक्षर मोठं होत होतं, बारीक होत होतं, ओढलं की सरकत होतं. "अहो, हे तर बाही बसवण्यासारखंच आहे," म्हणत त्यांनी गळ्यातली टेप काढून स्क्रीनवरची चौकट मापली. (सव्वाचार इंच. दाब सोडून.) तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून त्या दोन मिनिटं बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा नवरा कीबोर्डवर खुडबुडत होता.

"काय चाललंय?"

"काही नाही. त्याच फाइलवर सेव्ह केलं, हरवायला नको म्हणून."

"बरं, आता कच्चं उसवा."

उसवेना. सेव्ह केलं की अक्षर कागदाला चिकटतं, असं त्या फुकट एडिटरचं म्हणणं होतं. कोरा अर्ज पुन्हा घ्यावा, तर त्याची लिंक बाराला बंद झालेली. घड्याळात साडेतीन.

"संपलं," नवरा म्हणाला.

"तोंड मिटा. हा पांढरा चौकोन कसला?"

"मजकुरावर ठेवला की खालचं झाकतं."

"म्हणजे ठिगळ. मग आधी बोलायला काय झालं होतं?"

ठिगळ म्हणजे बाईंचं राज्य. काठाला काठ जुळवून त्यांनी एकेक चौकोन लावून घेतला. वरून 'उत्कृष्ट दर्जा, वेळेवर काम' असं गोड गोड लिहिलं. तळाशी एक ठिगळ नवऱ्याने आपणहून लावलं. "तिथे काय होतं?" बाईंनी विचारलं. "डाग," तो म्हणाला. चारला चार कमी असताना अर्ज गेला आणि बाईंनी दुकानातल्या दुकानात गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. बाई नवऱ्याला घेऊन गेल्या. भांडारपाल लिंबू चोखतच बसला होता.

"बाई, आम्ही अर्ज वाचत नाही. कॉम्प्युटर त्यातले सगळे शब्द उचलून तक्त्यात टाकतो. वरचेही आणि खालचेही."

कपडा उलटा केला की ठिगळाखालचं भोक दिसतंच, हे त्यांनीच शिकायला येणाऱ्या पोरींना शंभरदा सांगितलं होतं.

भांडारपालाने सगळं वाचलं. पोतेरी वाचलं. लिंबूही वाचलं. साठ पडदे बाईंच्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर उडून गेले.

तेवढ्यात कोपऱ्यातून हेडनर्स बोलली. "वर्षभर मी उसवलेले काठ पिना लावून सांभाळतेय. अकरा अर्ज आले. सगळ्यांचा दर्जा उत्कृष्ट. काठ या एकटीनेच बघितला. काम हिलाच द्या."

बाईंची मान ताठ झाली. "मी जे बोलते ते तोंडावर बोलते," त्या म्हणाल्या. "ठिगळाखाली बोलायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही."

नवरा छताकडे बघू लागला.

"तळाशी अजून एक शेरा आहे," भांडारपाल म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडातलं लिंबू गोड झालं. "'वरील मजकूर अर्जदार बाईंच्या सांगण्यावरून लिहिला. बाई कात्री घेऊन शेजारी उभ्या आहेत. पाहिले.' खाली सही."

साठ पडदे बाईंनाच मिळाले. कामाच्या कागदावर बारा अटी छापलेल्या होत्या. तेरावी भांडारपालाने हाताने लिहिली: मापं घ्यायला येताना कात्री घरी ठेवावी, नवऱ्यास आणले तरी चालेल.

नवऱ्याने तिच्याखाली लगेच 'पाहिले' लिहून सही केली.