दोन रिंगांचा होकार

सदरमधल्या एका औषधाच्या दुकानाबाहेर नाणी घेणारा टेलिफोन आहे. त्याच्या डायलवरचे आकडे बोटांनी पुसत आले आहेत. नाणं टाकायच्या खाचेचा रंग मात्र फोन बसवून पाच वर्षं उलटली तरी, म्हणजे आज १९७९ सालीही, शाबूत आहे. यावरून निष्कर्ष निघतो की आमच्या वस्तीतले लोक वायफळ बोलत नाहीत.

यंत्राची रीत अशी: समोरच्याने फोन उचलला की पन्नास पैसे टाकायचे. तोवर त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. (बऱ्याच घरांतल्या सुनांना ही व्यवस्था परिचित असते.)

निवृत्त हेडक्लार्क मारोतराव यांनी यातून बचत साधली. ठरल्या वेळी नंबर फिरवायचा, ठरल्या तेवढ्या रिंगा होऊ द्यायच्या आणि कोणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. एक रिंग: सुखरूप पोचलो. दोन रिंगा: स्थळ पसंत आहे. नकारासाठी रिंग ठेवलेली नाही. नाही म्हणायचं तर माणसानं पैसे टाकून नीट बोलावं, असं त्यांचं मत होतं. मत सभ्यच होतं.

परिणाम समाधानकारक आहेत. पाच वर्षांत वस्तीतून एकोणीस होकार गेले, नकार शून्य. त्या एकोणीस मुलींपैकी दोघी त्या वेळी फोनजवळ होत्या. मारोतरावांच्या थोरल्या पुष्पलताचा होकार पोचला तेव्हा ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करत होती. ब्युरेटचं रीडिंग तिने दोनदा तपासलं होतं.

धाकट्या शामलाने मात्र सीताबर्डीच्या कापडवाल्या मार्तंडरावांच्या मुलाबद्दल आठ महिने "विचार करून सांगते" एवढंच सांगितलं. (पुष्पलताला इतका वेळ लागला नव्हता, तिला विचारलंच नव्हतं.) शेवटी मार्तंडरावांनी रविवारी सकाळी दहाची मुदत दिली. मारोतराव दोघी मुलींना घेऊन फोनपाशी आले. मागे रांग होती.

"काहून उभी राहिली वं? मी लावून देतो."

"मीच लावते, बाबा."

"दोनच वाजू दे. तिसरी झाली तर ते उचलतील."

शामलाने नंबर फिरवला. दोन रिंगा झाल्या. तिने ठेवला नाही. तिसरी झाली आणि तिकडून उचलल्याचा आवाज आला.

"दोन ऐकल्या आम्ही, मारोतराव." मार्तंडरावांचा आवाज रिसीव्हरबाहेर येत होता. "तिसरी आनंदाची समजतो. मंगल कार्यालयाचे पैसे आजच भरून टाकतो."

शामला बोलत होती. तिकडे काही जात नव्हतं, मार्तंडराव मात्र बोलतच होते. तिच्या मुठीत रुपयाचं नाणं होतं. ते खाचेत जात नाही.

"पन्नास पैसे सुटे आहेत का कोणाकडे?" तिने रांगेला विचारलं.

रांगेत अकरा माणसं होती. सुटे सगळ्यांकडे होते, आणि सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. (वाचकांनी त्यांच्यावर रागावू नये. आपल्या घरातून गेलेला शेवटचा होकार कोणाचा होता, आणि तेव्हा आपण कुठे पाहत होतो, एवढं आधी आठवावं.)

पुष्पलताने पदराची गाठ सोडली.

"घे वं. मले तर लागलेच नाहीत."

नाणं आत गेलं. खाचेच्या रंगावर बारीक ओरखडा उठला.

"मी शामला बोलून राहिली, काका. मले हे लग्न नाही करायचं."