वामनसरांचे तळे

वामनसरांना 'कसे आहात?' असे विचारले, की ते "समजा, बरा आहे" असे उत्तर देत. बरे असणे हे त्यांच्या लेखी केवळ गृहीतक होते. सिद्ध व्हायचे बाकी होते.

डिचोलीच्या विद्यालयात ते गणित शिकवीत, मी मराठी. गोव्याला घटकराज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता आणि राजभाषा कोकणी की मराठी, या वादात शिक्षकांच्या खोलीत पडलेले दोन तट अजून सांधले नव्हते. सर मात्र खिडकीशी बसून माशांच्या पैदाशीचे आलेख काढीत. एकदा दोन्ही तटांनी त्यांचे मत मागितले, तेव्हा ते म्हणाले, "समजा, तळ्यात मासेच उरले नाहीत. मग त्यांना नुस्तें म्हणायचं की मासळी, हे ठरवून कोणाचं पोट भरणार?" त्या दिवसापासून सगळ्यांनीच त्यांच्याशी अबोला धरला. आमचे एकमत झाले ते एवढ्या एकाच बाबतीत. आणि त्या एकमतात मीही होतो.

तळे होते मुळगावाकडे, सरांच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे. वैशाखात सारा वाडा ते उपसून मासे धरी आणि चुलीगणिक वाटे घाली. वाटे वर्षागणिक लहान होत चालले होते. एक उन्हाळा तळे उपसलेच नाही तर मासा पुन्हा वाढेल, असे सरांचे समीकरण सांगत होते.

"ह्या गणितात पैदास आहे, मरण आहे, बगळासुद्धा आहे," देवळासमोरच्या बैठकीत ते म्हणाले.

"आनी आमची चूल खंय आसा त्यांत?" शेवंतीमावशीने विचारले. वाड्याच्या टोकाला एकटी राहणारी ही म्हातारी कोणाचीच भीड ठेवीत नसे.

"एक वर्ष थांबा, मावशी. माझ्यावर विश्वास ठेवा."

लोक थांबले. त्यांतले निम्मे सरांच्या हाताखाली शिकलेले होते. सरांना नाही म्हणण्याची त्यांची अजून छाती होत नव्हती.

त्या पावसाळ्यात डोंगरावरच्या खाणीच्या मातीचा ढीग घसरला. लाल चिखल तळ्यात उतरला आणि जपून ठेवलेले सारे मासे पोट वर करून काठाला लागले. समीकरणात बगळा होता; खाण नव्हती.

"सर, तुमच्या बगळ्यान खाल्लें मूं सगळें?" रस्त्यात एकाने टोमणा मारला.

अबोला सोडून मी हळूच म्हणालो, "दोष खाणीचा आहे. तसं सांगून मोकळे व्हा."

सरांनी नकारार्थी मान हलवली. "खाणीनं त्यांच्याकडे विश्वास मागितला नव्हता. मी मागितला होता."

मग ते घरोघर माफी मागत निघाले. मी छत्री धरून मागे. पायरीखालीच उभे राहून ते दोन वाक्ये बोलत आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या दाराकडे वळत. त्यांचा एक जुना विद्यार्थी तर हातातला पाव तसाच धरून, वर्गात उभा राहावा तसा उभा राहिला.

शेवटचे घर शेवंतीमावशीचे. तिने सगळे ऐकून घेतले आणि पदराने बाक पुसला.

"नुस्तें मेलें तें मेलें, सर. पूण ह्या निमतान तुमी दारांत तरी आयले. इतलीं वर्सां दारावेल्यान वतात."

इतकी वर्षे तिच्या दारावरून पुढे जाणारे सर आत येऊन बसले. तिने चहा दिला. पाऊस ओसरला, काळोख दाटू लागला. मी निघण्याची खूण केली.

"घरा कोण वाट पळयता आसतलें न्हय?" मावशीने त्यांना विचारले.

"कोणी नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी रिकामा कप तिच्यापुढे केला.