चार पालींची भिंत

माझ्या फोटोतली कारागिरी पकडून दाखवा, मिशी उतरवून देईन, असं मी आमच्या मासिकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. मासिक कलेला वाहिलेलं. संपादक मी, छायाचित्रकार मी, पिना मारणाराही मीच. प्रती पंचवीस. कार्यालय घरातल्या मागच्या खोलीत, जिथे ऊन येतं आणि भिंती ठणठणीत कोरड्या आहेत.

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीतली ओल. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचं पाणी त्या भिंतीत उतरतं. मी तिचा फोटो काढला, संगणकावर पोपडे पुसले, रंग निळसर केला, कडेला सोनेरी झाक दिली. पहाटेचं सरोवर! मूळ फोटो मी ठेवत नाही. शिंपी कातरण जपत बसला तर सदरा कधी शिवणार?

पंधरा दिवसांनी लेक महिन्याभराचं बाळ घेऊन यायची होती. बाळ त्याच खोलीत निजणार, म्हणजे भिंत आधी सुकायला हवी. बायकोने घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, फोटो पाठवा, बघून गवंडी धाडतो. घरात त्या भिंतीचा फोटो एकच होता. बायकोने घाईत तोच पाठवला.

घरमालकांचं उत्तर आलं. भिंतीवर चित्र काढताना विचारलं नाहीत हे बरं नव्हे, पण चित्र सुरेख आहे, पुसू नका.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "मग नातवंडाला तुमच्या सरोवरात पोहायला सोडू का?"

मी म्हटलं, मी घातलेला घोळ मीच निस्तरतो. नवा फोटो काढला. पण त्यात ओल फारच सालस दिसत होती, नव्या सुनेसारखी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. हिच्यासाठी कोण गवंडी धाडणार? मग मी तो डाग उचलून शेजारी चिकटवला. त्याच्या वर आणखी एक. छताला एक. केसाएवढा तडा मनगटाएवढा केला. शेवटी भिंत अशी झाली, की मलाच त्या खोलीत पाऊल टाकायची भीती वाटू लागली!

दोन दिवसांत सरोवराची ही दशा झालेली पाहून घरमालक हबकले. गवंडी राहिला बाजूला, ते इंजिनीअरलाच घेऊन आले. इंजिनीअरने फोटो पाहिला आणि उंबऱ्याबाहेरूनच निकाल दिला, की इमारत आठ दिवसांत रिकामी करा. वरच्या आजींनी गाठोडी बांधायला घेतली. खालच्या घड्याळजीने सगळी घड्याळं फुटपाथवर मांडली. त्या दिवशी गल्लीत बारा एकोणीस वेळा वाजले.

बायको माझ्याकडे बघत होती. लेकीला आता कोरडी भिंत सोडाच, भिंतच मिळणार नव्हती. खुलासा पुढच्या अंकात छापावा असा माझा विचार होता.

इंजिनीअर दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिला.

"आजोबा, तुमच्या भिंतीवर पाली किती?"

"एकच. शेपूट तुटलेली, बांडी आहे बिचारी."

"इथे चार आहेत. चारही बांड्या. आणि चौघींनी एकाच वेळी एकेक माशी पकडली आहे."

मग काय विचारता! आजींनी गाठोडी सोडली, घड्याळजी सात दिवस माझ्याशी बोलला नाही. घरमालक मात्र खूश. पाली खोट्या तर ओलही खोटी, असं म्हणून ते निघाले. बायकोने त्यांचा हात धरला, आत नेला आणि तळवा भिंतीवर दाबून ठेवला. सोडला तेव्हा कोपरापर्यंत बाही पिळायला झाली होती. शप्पथ सांगतो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. वरच्या न्हाणीचा नळ दुरुस्त झाला. पण भिंत सुकायला तीन महिने लागतील, म्हणाला.

तेव्हा बाळ आता मागच्या कोरड्या खोलीत निजतं आणि मासिकाचं कार्यालय ओलीत हललं आहे. हलवाहलवीच्या दिवशी बायकोने चहाच्या कपाशेजारी वस्तरा आणून ठेवला.

"पहिलं पान मीही वाचते," एवढंच म्हणाली.

दुसरा अंक निघाला आहे. पानांना जरा कुबट वास येतो, सांभाळून घ्या. आत संपादकाचा ताजा फोटो आहे. त्यातली मिशी जमून आली आहे असं मला वाटतं. पैज मात्र या खेपेस लावलेली नाही.